‘गॅस संपलाय’ म्हणण्याआधी: गाडीच्या एसीतला विजेचा दोष घरच्या घरी कसा शोधायचा

ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा अर्ध्या बडोद्याच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. माझीही होती, कारेलीबागेत, बंपरपर्यंत बुडालेली. पाणी ओसरलं, गाडी धुतली, वाळवली, ऑइल बदललं आणि ती सुरू झाली. आम्ही देवाला नारळ फोडला. ऑक्टोबरचं ऊन तापलं तेव्हा एसीने रंग दाखवायला सुरुवात केली. घरून निघताना गार हवा यायची. अर्धा तास गेला, सिग्नलला दोन-तीनदा थांबलं, की नुसता पंखा उरायचा.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच सेकंदात निकाल दिला, “काका, गॅस नीकळी गयो छे.” गॅस भरला, पैसे दिले. आठ-दहा दिवस बरं चाललं, कारण ते दिवस ढगाळ होते, हे मला फार नंतर कळलं. ऊन आलं आणि पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात गेलो, तिथेही गॅसच. तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर कारखान्यात मोटारी आणि पॅनेल दुरुस्त केलेला माणूस मी, आणि स्वतःच्या गाडीला मीटर लावायचं सुचू नये? शेवटी दोष निघाला तो बॅटरीजवळच्या एका अर्थ-पॉइंटवर, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर जिथे गाडीच्या बॉडीला आवळलेली असते तिथे. एक थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), एक बोल्ट आणि थोडा पॉलिश-पेपर, एवढ्यात काम झालं.

हा लेख त्या शोधाच्या रीतीबद्दल आहे. गॅस खरोखर कमी झालेला असू शकतो आणि तो कसा ओळखायचा तेही पुढे आहेच. पण एसी गार करत नसेल तर आधी वायरला विचारायचं आणि मग गॅसला. वायरला विचारायला फुकट आहे.

वीज कुठून कुठे जाते

पाना हातात घेण्याआधी ही साखळी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एसीचं बटण दाबता. ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) चालू असेल तरच बहुतेक गाड्यांत ती मागणी पुढे सरकते. ब्लोअर शून्यावर ठेवून “कॉम्प्रेसर लागत नाही” म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मागणी इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे, म्हणजे ईसीएमकडे जाते. ईसीएम चार गोष्टी बघतो: गॅसचं प्रेशर हद्दीत आहे का, इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी) गोठायला आलाय का, इंजिन जास्त तापलंय का, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय का. सगळं ठीक असेल तर तो एका रिलेच्या (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) कॉइलला अर्थ देतो. रिले ओढला जातो आणि बॅटरीची वीज फ्यूजमधून कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचला मिळते. क्लच ‘टक्’ करून चिकटतो आणि बेल्टवर आधीपासून फिरणाऱ्या पुलीबरोबर कॉम्प्रेसर फिरू लागतो. त्याच वेळी पुढचा कंडेन्सर फॅन (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवरचा पंखा) सुरू होतो.

म्हणजे इथे दोन वेगळ्या वाटा आहेत. एक हुकमाची, बारीक वायरची, मिलिअँपिअरमधली. दुसरी कामाची, जाड वायरची, तीन-चार अँपिअरची. दोष कोणत्या वाटेवर आहे हे ठरलं की निम्मं काम संपतं.

एक अपवाद आधीच सांगतो. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच. पुली आणि शाफ्ट कायम एकत्र फिरतात आणि आतला एक छोटा व्हॉल्व्ह विजेने कमी-जास्त करून गारवा सांभाळला जातो. तिथे ‘टक्’ ऐकू येणार नाही म्हणून घाबरू नका आणि खालच्या क्लचच्या चाचण्या त्या गाडीला लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॉनेटखालच्या नारिंगी केबलींना हातच लावायचा नाही. त्यांचा एसी कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि तो आपला घरगुती विषय नव्हे.

सामान

डिजिटल मल्टीमीटर, बारा व्होल्टचा बल्ब असलेला साधा टेस्ट लॅम्प, आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज जोडलेली हातभर जंपर वायर. दोन्ही टोकांना मगर-क्लिपा लावा (बडोद्यात विश्वामित्रीच्या मगरींपेक्षा या जास्त उपयोगी पडतात). शिवाय टॉर्च, पॉलिश-पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि स्वयंपाकघरातलं थर्मामीटर. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी अँपिअर मोजणाराच घ्या. स्वस्तातले बरेच फक्त घरच्या विजेच्या अल्टरनेटिंग करंटसाठी असतात आणि गाडीच्या वायरीवर शून्य दाखवत बसतात.

टेस्ट लॅम्प जाड वायरींसाठी आहे. ईसीएम आणि सेन्सरच्या बारीक वायरींवर तो लावू नका, तो जास्त करंट ओढतो. तिथे मीटरच. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना दोन्हीपैकी काहीच नको. डॅशबोर्डखाली खोल हात घालायचा असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. आणि बॉनेटखाली काम करताना पुढच्या फॅनपासून बोटं लांब ठेवा. चावी बंद असली तरी काही गाड्यांत तो फॅन आपलाआपण सुरू होतो.

पहिली दहा मिनिटं, एकही स्क्रू न उघडता

गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू, एसी फुल्ल, ब्लोअर फुल्ल. आता फक्त बघा आणि ऐका. हवा येते का? चारही स्पीडवर येते का? एसीचं बटण बंद-चालू करताना बॉनेटखाली ‘टक्’ आवाज येतो का आणि इंजिनचा सूर किंचित बदलतो का? पुलीच्या पुढची चकती फिरते की नुसती पुली फिरतेय? पुढचा फॅन लागला का?

बॅटरीवर मीटर लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. इंजिन चालू असून १२ च्या जवळ लोळत असेल तर एसी सोडा, आधी अल्टरनेटर बघा. व्होल्टेज पडलं की काही गाड्यांचा ईसीएम पहिला गळा एसीचाच दाबतो.

मग फ्यूज. फ्यूज उपटायची गरज नाही. त्याच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, दोन्हीवर टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला पेटला तर उडालाय. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. १० च्या जागी २० घालणं किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे गाडी पेटवायची तयारी. नवा फ्यूज लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय किंवा कॉइल आतून शॉर्ट आहे. क्लचचा कनेक्टर काढून बघा. तरी उडाला तर दोष वायरीत, नाही उडाला तर कॉइलमध्ये.

हवाच येत नाही, किंवा एकाच स्पीडला येते

हा भाग सोपा आहे. साध्या, खटक्याच्या ब्लोअरमध्ये खालच्या स्पीडसाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि शेवटचा स्पीड त्याला वळसा घालून सरळ मिळतो. त्यामुळे फक्त चौथ्यावर ब्लोअर चालतो आणि बाकीचे मेलेत, हे चित्र दिसलं की रेझिस्टर गेला असं समजायला हरकत नाही. तो बहुधा ग्लव्हबॉक्सच्या मागे, हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायला तीच हवा लागते. बदलण्याआधी त्याचा कनेक्टर बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, पिन वितळली असेल, तर नुसता रेझिस्टर बदलून महिन्याभरात पुन्हा तिथेच याल. कनेक्टरही बदला आणि मोटर जड का फिरतेय तेही शोधा. केबिन फिल्टर गच्च असेल, आत पिंपळाची पानं गेली असतील, किंवा उंदराने संसार थाटला असेल.

कुठल्याच स्पीडला हवा नसेल तर मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावा, लॅम्पची क्लिप मोटरच्याच अर्थ-पिनवर. ब्लोअर चालू करून बल्ब झगझगीत पेटला आणि मोटर हलत नाही, तर मोटर गेली. कधी मोटरच्या पोटावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकंसं ठोकलं की ती जागी होते. म्हणजे आतले कार्बन झिजलेत. तेवढ्यावर घरी पोचता येतं, उन्हाळा काढता येत नाही. बल्ब पेटलाच नाही तर क्लिप गाडीच्या स्वच्छ धातूला लावून पुन्हा बघा. आता पेटला तर वीज येतेय, अर्थ तुटलाय. तरीही अंधार असेल तर मागे जात फ्यूज, रिले, स्विच.

ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. त्याला जाड वीज, जाड अर्थ आणि पॅनेलकडून एक बारीक हुकमाची वायर येते. जाड दोन्ही ठीक असतील, स्पीड बदलल्यावर बारीक वायरीवर व्होल्टेजही बदलत असेल आणि मोटर गप्प असेल, तर मोटरला जंपरने थेट वीज देऊन बघा. इथे मात्र १० चा फ्यूज पुरणार नाही. ब्लोअर फुल्ल स्पीडला १५-२० अँपिअर सहज खातो, तेव्हा त्या जंपरला ब्लोअरच्या मूळ फ्यूजएवढाच फ्यूज आणि तेवढी जाड वायर हवी. मोटर फिरली, तर मॉड्यूल गेलं.

हवा येते, पण क्लच लागत नाही

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण ‘गॅस संपलाय’ हा निकाल बहुतेक वेळा इथेच दिला जातो.

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर एसी किंवा ए/सी कॉम्प्रेसर लिहिलेला रिले शोधा. शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा किंवा तसलाच. दोघांची अदलाबदल करा. एसी लागला आणि हॉर्न गेला, तर पंधरा मिनिटांत आणि एका रिलेच्या किमतीत तुम्ही सुटलात. रिले हाताला ‘टिक्’ करतोय म्हणजे तो चांगला, असं मात्र धरू नका. टिक् म्हणजे कॉइल चांगली. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात.

रिले चांगला असूनही क्लच गप्प? इंजिन आणि चावी बंद ठेवून रिले काढा. त्याच्या खाली बहुधा ३० आणि ८७ हे आकडे असतात. सॉकेटमधल्या त्याच दोन घरांना फ्यूजवाली जंपर वायर क्षणभर लावा. बॉनेटखाली ‘टक्’ ऐकू आला, म्हणजे फ्यूजपासून क्लचपर्यंत कामाची वाट मोकळी आहे आणि दोष हुकमाच्या वाटेवर आहे. ‘टक्’ नाही आला, तर दोष रिलेच्या पुढे: वायर, कनेक्टर, कॉइल किंवा अर्थ. (३० नंबरला चावी बंद असताना वीज नसेल, तर चावी ऑन करून, इंजिन न लावता, पुन्हा करा.) हे जंपर लावून गाडी चालवत बसू नका. प्रेशरचं संरक्षण तुम्ही त्या वेळी तोडलेलं असतं, आणि गॅस खरोखर कमी असेल तर कॉम्प्रेसरला तेल मिळत नाही आणि तो कायमचा जाम होतो. गॅसबरोबरच तेल फिरतं, हे लक्षात असू द्या.

कॉइल मोजणं अगदी सोपं. कनेक्टर काढा, मीटर ओहमवर. साधारण ३ ते ५ ओहम यायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. एका ओहमच्या आत आलं तर शॉर्ट. एकच वायर असलेल्या कॉइलचं दुसरं टोक कॉम्प्रेसरच्या अंगावर असतं, तिथे लावा.

कॉइल चांगली आणि वीज पुरेशी असूनही क्लच तापल्यावर सुटत असेल, तर चकती आणि पुली यांच्यातली फट बघा. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये ती ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात. झिजून ती वाढली की तापलेल्या कॉइलला चकती ओढता येत नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत घालून बघा. अनेक क्लचमध्ये मधला बोल्ट काढून आतली शिम (पातळ वॉशर) कमी केली की फट पुन्हा जुळते.

अर्थ नीट नसेल तर सगळंच निरर्थक

माझा दोष इथे होता, म्हणून आकड्यांसकट सांगतो.

थंड गाडीत सगळं ठीक. अर्ध्या तासाने क्लच सुटला. रस्त्याच्या कडेला थांबून क्लचचा कनेक्टर काढला आणि त्याच्या दोन पिनांवर मीटर लावलं: १४ व्होल्ट. म्हणजे वीज आहे, अर्थ आहे, कॉइल खराब! असा सरळ निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा असतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचा एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. आटत आलेल्या नळाला तोटी बंद असताना प्रेशर बरोबर असतं, तोटी उघडली की करंगळीएवढी धार. तोटी उघडून मोजायचं.

कनेक्टर परत जोडला, एसी चालू ठेवला आणि कनेक्टरच्या पाठीमागून पिना टोचून मोजलं. बॅटरीवर १४.१. क्लचवर फक्त ९.७. मग वाटेवरचे बाकीचे व्होल्ट गेले कुठे? मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन क्लचच्या अर्थ-वायरीवर: ४.२ व्होल्ट. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. वीज येणाऱ्या बाजूला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून क्लचच्या पॉझिटिव्हपर्यंत, फक्त ०.२. हिशोब जुळला: ९.७, ४.२ आणि ०.२ मिळून १४.१.

कॉइल ३.६ ओहमची. १४ व्होल्ट मिळाले तर जवळपास ३.९ अँपिअर. ९.७ मिळाले तर २.७. ओढायची ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे क्लचला निम्म्याहूनही कमी जोर. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. बॉनेटखालची कॉइल ६५ अंशांनी तापली तर रोध चतुर्थांशाने वाढला. म्हणून सकाळी चालायचा आणि भर दुपारी, सिग्नलवर, आरपीएम उतरले की सुटायचा. गॅसचा काहीच संबंध नव्हता. पुराच्या पाण्याने तो अर्थ-बोल्ट खालून हिरवा करून टाकला होता, वरून मात्र चकचकीत दिसत होता.

म्हणून नियम असा ठेवा: जोडलेल्या, चालू सर्किटवरच मोजायचं. अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर शंका घ्या. वीज येण्याच्या बाजूला रिले आणि फ्यूज धरून अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर मीटरची एक पिन जागेवर ठेवा आणि दुसरी एकेक जोड मागे सरकवत न्या. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, तोच चोर.

अर्थ दुरुस्त करताना बोल्ट नुसता आवळून चालत नाही. काढा, थिंबल आणि बॉडीचा पृष्ठभाग पॉलिश-पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, थिंबल काळं-हिरवं असेल तर वायर दोन इंच मागे कापून चांगल्या तांब्यावर नवं बसवा, आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. वायर कापल्यावर आतलं तांबंही काळं निघालं तर अजून मागे जा. पाणी वायरीच्या आवरणात केशाकर्षणाने फुटभर चढतं.

क्लचच्या वायरीत किंवा रिलेत एक डायोडही असतो, कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज गिळायला. कोणी नवा क्लच बसवताना तो गाळला, तर एसी बंद होताना रेडिओत खट् आवाज येतो आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना झटके बसतात.

हुकूमच येत नसेल तर

रिलेच्या सॉकेटमध्ये जंपरने ‘टक्’ आला, पण एसीच्या बटणावर येत नाही. आता ८५ आणि ८६ ही कॉइलची घरं बघा. एसी चालू असताना एकावर बॅटरीएवढं व्होल्टेज हवं. दुसऱ्याला ईसीएम अर्थ देतो. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी त्या दुसऱ्या घरात: १२ च्या वर आले तर ईसीएम हुकूम देतोय. शून्य आलं तर त्याने मागणी नाकारली. आता प्रश्न: का नाकारली?

पहिला संशयित प्रेशर स्विच. लिक्विड लाइनवर किंवा ड्रायरजवळ तो असतो. दोन वायरींचा साधा स्विच असेल तर कनेक्टर काढून त्याच्या पिनांमध्ये कंटिन्युइटी (वाट सलग आहे का ते) मीटरने बघा. आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत प्रेशर साधारण २ बारच्या खाली आणि ३० बारच्या आसपास गेलं की तो सर्किट तोडतो. तुटलेला दाखवला तर दोन शक्यता: स्विच खराब, किंवा गॅस खरोखर गेला. इथेच प्रेशर मोजायचं गेज लागतं. इंजिन बंद, गाडी तासभर सावलीत, बाहेर ३५ अंश असताना आर-१३४एचं उभं प्रेशर ८ बारच्या जवळ, म्हणजे ११५ पीएसआयच्या आसपास असतं. एवढं आलं आणि स्विच तरी तुटलेला, तर स्विच बदला. फार कमी आलं तर गॅस गेला, आणि तो कुठून गेला ते शोधल्याशिवाय भरू नका. उभं प्रेशर बरोबर आलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असंही नाही. आत थोडा द्रव उरला असेल तोवर ते तेवढंच दाखवतं.

तीन वायरींचा असेल तर तो सेन्सर. एका वायरीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरीवर प्रेशरप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट. पाच व्होल्टच नाहीत, तर ती वायर पुढे कुठे कुरतडली आहे ते बघा. सिग्नल पूर्ण शून्यावर किंवा पूर्ण पाचवर अडकला असेल तर वायर तुटलीय किंवा सेन्सर गेलाय.

दुसरा संशयित इव्हॅपोरेटरचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा सेन्सर. तो गार झाला की त्याचा रोध वाढतो. वायर तुटली की रोध अनंत, म्हणजे ईसीएमला वाटतं आत सैबेरिया आहे, आणि तो कॉम्प्रेसर लावतच नाही. उलट शॉर्ट झाला तर त्याला कायम गरम वाटतं, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि इव्हॅपोरेटरवर बर्फ चढतो. हवा हळूहळू कमी होत जाते, एसी बंद ठेवल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा येते आणि खाली भरपूर पाणी गळतं. हाताशी काढता आला तर बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून मीटरवर बघा. आकडा सावकाश चढत जायला हवा, मध्येच उड्या मारता कामा नये.

चालताना गार, सिग्नलला गरम, असा त्रास असेल तर आधी कंडेन्सर फॅन. फॅन लागत नाही, प्रेशर चढतं, स्विच तोडतो, क्लच सुटतो. फॅनचा रिले, फॅनची अर्थ, मग मोटर, त्याच क्रमाने आणि त्याच जोडलेल्या-सर्किटच्या पद्धतीने.

ऑटोमॅटिक एसीचे नखरे

एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम, किंवा डॅशबोर्डमधून ‘कट्-कट्-कट्’ आवाज, म्हणजे बहुधा हवेची दिशा बदलणारे फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा दात मोडलाय. हा विजेचा दोष वाटतो, असतो यंत्राचा. बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांत या मोटरांना आपली दोन टोकं पुन्हा शिकावी लागतात. चावी ऑन करून दोन-तीन मिनिटं पॅनेलला न शिवता थांबा.

डॅशबोर्डवर काचेजवळ एक गोल काळा ठिपका असतो, तो उन्हाचा सेन्सर. आपल्याकडे नेमका त्यावरच गणपती बसवलेला असतो. बाप्पाला थोडं बाजूला सरकवा. तसंच पॅनेलजवळ बारीक जाळीमागे केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्यातून थोडी हवा आत ओढली जाते, त्यामुळे धुळीने जाळी बुजते आणि एसीला आतलं तापमान भलतंच कळतं. मऊ ब्रशने साफ करा.

ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर लावा, पण ब्लूटूथवाले स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात, एसीच्या पॅनेलचे नाहीत. तरी पी ०५३० ते पी ०५३३ आले तर गॅस-प्रेशर सेन्सरची वायर, पी ०६४५ आला तर क्लच-रिलेच्या हुकमाची वायर, पी ०४८० आला तर फॅनच्या हुकमाची वायर तपासा. कोड सर्किट दाखवतो, पार्ट नाही. पी ०५३२ बघून सेन्सर विकत घेणारा माणूस मीटर विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त खर्च करतो.

कधी होतं, कधी नाही

असे दोष सगळ्यात जास्त डोकं खातात. मीटर किंवा टेस्ट लॅम्प जोडून ठेवा, कोणाला तरी सीटवर बसवा, आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत जा. बॅटरीच्या ट्रेखाली, फ्यूज बॉक्सच्या पोटात, डाव्या फेंडरमागे आणि दरवाजाजवळच्या किक-पॅनेलमध्ये विशेष लक्ष द्या. पुराचं पाणी गालिच्याखाली आठवडेच्या आठवडे राहतं आणि तिथले कनेक्टर दिवाळीत बोलू लागतात. प्रत्येक कनेक्टर उघडा, पिनांवर हिरवट-पांढरी पूड असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, पिन सैल असेल तर सुईने हलकीशी आवळा.

सीएनजी किट बसवलेली गाडी असेल (आणि गुजरातेत ती असायचीच), तर किटवाल्याने चावीची वीज कुठून घेतली ते बघा. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत ती थेट एसीच्या वायरीवर सोलून, पिळून, टेप गुंडाळून घेतली होती. टेपचा गोंद उन्हाने वितळला आणि जोड सुटा झाला. जोड नेहमी सोल्डर किंवा क्रिम्प करून, वर हीट-श्रिंकची नळी घालून करायचा, वायर मूळ जाडीचीच. म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक, एलईडी पट्ट्या, हे सगळे पाहुणे आधी तपासा. ते आपल्या घरचे नाहीत.

काम झालं की मोजून खात्री करा. स्वयंपाकघरातलं थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा, रीसर्क्युलेशन चालू, ब्लोअर मध्यम, आणि अर्धा तास गाडी चालवा, त्यातली दहा मिनिटं उभी. मी मे महिन्याच्या दुपारी माझी गाडी सयाजीबागेपासून फतेहगंजपर्यंत दोन फेऱ्या चालवली, सिग्नलला थांबत. क्लचवर १३.७ व्होल्ट, अर्थच्या बाजूला ०.०४, जाळीत ९ अंश. हे तीन आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवले आहेत. पुढच्या वेळी कोणी बॉनेट उघडून “गॅस नीकळी गयो छे” म्हणालं, की आधी तो कागद त्याच्या हातात देणार आहे.